कानमंत्र

खेळाडूचं म्हातारपण लवकर येतं. जेमतेम तिशी ओलांडलेल्या बाईने आत्मकथन लिहायला घेतलं आहे हे कळल्यावर आमच्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर म्हणाले, "वा! आणि पाळण्यातल्या आठवणींचा खंड कधी?" पुण्यात राहायचं तर असली बोलणी पोटात घालावी लागतात. पण मला त्यांना सांगावंसं वाटलं, की अहो, माझं आयुष्य संपलेलं नाही, तरी ज्याच्यासाठी मी सकाळी उठत होते ते संपलेलं आहे, आणि संपलेल्या गोष्टीबद्दलच माणसाला नीट लिहिता येतं. मी एका बैठकीत अर्धं पान लिहिते. त्यानंतर डाव्या डोळ्यामागे कोणीतरी बोट दाबायला लागतं आणि अक्षरं एकमेकांवर चढतात. मग पडदा ओढून मी पडून राहते. या मजकुरात कुठे सांधा दिसला, तर तिथे मी पडून होते असं समजावं.

आम्ही धायरीत राहायचो, एका पत्र्याच्या शेडवर काढलेल्या दोन खोल्यांत. खालच्या शेडमध्ये पत्रा कापायची आणि ठोकायची मशिनं होती. दिवसभर धप्प, धप्प असा ठोका फरशीतून तळपायांत चढायचा. सुटीच्या दिवशी तो थांबला की आई म्हणायची, "आज घराचं काळीज बंद पडल्यावानी वाटते बापा." आईबाबा दोघे वर्ध्याकडचे. बाबा कारखान्यात लागायला पुण्यात आले, कारखान्यात युनियन काढली म्हणून बाहेर पडले, आणि मग दुसऱ्यांच्या कारखान्यांच्या फाटकांवर पत्रकं वाटत राहिले. पिवळी, गुलाबी, पोपटी पत्रकं. माझी अक्षरओळख त्यांतूनच झाली. कमळ आणि बदक यांच्या आधी मला निर्धार आणि पिळवणूक हे शब्द वाचता यायचे. बुधवार पेठेत पुस्तकांच्या दुकानांमागच्या बोळात आपट्यांची छोटी प्रेस होती. बाबांबरोबर मी तिथे जायची. आपटे चष्म्यावरून मजकूर वाचायचे आणि विचारायचे, "क्रांती शुक्रवारपर्यंत थांबेल का? गुरुवारी आमच्याकडे मुंजीच्या पत्रिका आहेत." बाबा खळखळून हसायचे. घरी गठ्ठा आला की आम्ही दोघं जमिनीवर बसून एकेका कागदाच्या तीन घड्या घालायचो, घडी चमच्याच्या पाठीने दाबायची. माझी बोटं शाईने काळी व्हायची आणि त्या बोटांनी मी जेवायची.

घर चालायचं ते आईच्या डब्यांवर. आमच्या आसपास कॉलेजातली पोरं भाड्याने राहायची, बरीचशी अमरावती-यवतमाळकडची, आणि त्यांना घरची चव लागायची. पहिल्या बसने आई मंडईत जायची, कारण धायरीत भाजी शिळी आणि महाग असते असं तिचं मत होतं. पुण्यात इतकी वर्षं काढून ती कोथिंबिरीला सांभारच म्हणायची. मंडईतला भाजीवाला तिला दर वेळी छेडायचा, "सांभार उडप्याकडं मिळंल मावशी, हितं कोथिंबीर हाय." आई जुडी नाकाशी धरून म्हणायची, "हेच ते. तुमच्या नावानं वास बदलते काय?" ती परतली की घरभर तो हिरवा वास पसरायचा, मग लसणाची फोडणी, मग पाटोडीच्या रश्श्याचा तिखट ठसका. कुकरच्या शिट्ट्या, खालचे ठोके आणि डबे घ्यायला आलेल्या पोरांचे मोठमोठे आवाज. शांतता ही चीज मला लहानपणी माहीतच नव्हती.

या घरात नियम असा एकच होता. साहेबासमोर आपल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. बाबा एक गोष्ट वारंवार सांगायचे. त्यांच्या खात्यात एकाची बोटं मशिनखाली गेली. काम भराभर उरकावं म्हणून मशिनवरची जाळी कामगारांनीच काढून ठेवली होती. साहेबाने एकेकाला आत बोलावून विचारलं, जाळी कोणी काढली? एकानेही तोंड उघडलं नाही. "अख्खं खातं गप्प होतं मुक्ते, अख्खं खातं!" हे सांगताना बाबांचे डोळे चमकायचे. मीही भारावून ऐकायची. ती जाळी पुन्हा बसवली का, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

रग्बी माझ्या आयुष्यात सारिकाने आणली. सारिका धायरीच्या मूळ गावातली, तिच्या घरच्यांच्या शेतावर आता इमारती उभ्या आहेत. ती शाळेत माझ्या पुढे होती, दणकट खांद्यांची, आणि बोलायला फटकळ. एका संस्थेचे सर शाळेच्या मैदानावर तो लांबोडका चेंडू घेऊन आले, तेव्हा सगळ्या मुली हसल्या, सारिकाने तेवढा तो उचलला आणि सरळ माझ्या पोटावर फेकला. "धर गं. पळ आता. मी पाडते तुला." तिने मला पाडलं आणि मी उठले ते खेळाडू होऊन. पाडायचं कसं हेही तिनेच शिकवलं. "डोळं मिटू नगंस. डोस्कं तिच्या मागल्या अंगाला ठेव. गालाला तिच्या मांडीचा घाम लागला पायजे, तर ते पाडणं." घरी मी चेंडू आणला तेव्हा आईने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "हा फणस कोणी सोलून आणला?" बाबांना मात्र खेळ लगेच आवडला. पंधरा जणी, त्यांत जाड्या, बुटक्या, उंच, हळू अशा सगळ्यांना काम, आणि चेंडू पुढे न्यायचा तर मागे पास द्यायचा. "हा तर आपला खेळ आहे," ते म्हणाले.

पुढची वर्षं मी इथे सांगत नाही. आम्ही शहराकडून खेळलो, राज्याकडून खेळलो, शिळ्या पुरीभाजीवर आणि शाळांच्या वर्गात सतरंज्यांवर झोपून खेळलो. मग एक लीग सुरू झाली, एका बांधकाम कंपनीने पुण्याचा महिला संघ घेतला, आणि सारिकाला आणि मला पगार सुरू झाला. खेळायचा पगार! आईने पहिल्या पगाराचे पेढे डब्यांत एकेक ठेवून पोरांना वाटले. बाबांनी करार दोनदा वाचला. "यात खेळाडू लिहिलंय, कामगार कुठेच नाही," ते म्हणाले. "काही झालं तर तू त्यांची कोणी लागत नाहीस." मी चिडले. मला वाटलं, बाबांना सुख बघवत नाही. आज वाटतं, त्या करारावरचं सगळ्यांत नेमकं भाष्य तेच होतं. आम्ही घाम विकत होतो, हाडं विकत होतो, आणि आम्हाला सांगितलं जायचं की हे प्रेम आहे. टाळ्या म्हणजे मजुरी नव्हे, हे मी कोणत्याही व्यासपीठावर उभं राहून सांगेन.

आता कानमंत्राबद्दल. रग्बीत डोक्याला मार बसला तर संघाच्या डॉक्टरने तिथल्या तिथे काही प्रश्न विचारायचे असतात. आपण कुठल्या मैदानावर आहोत, कुठला हाफ चालू आहे, शेवटचे गुण कोणी केले, मागचा सामना कोणाशी होता, आपण जिंकलो का. उत्तरं चुकली तर खेळाडू बाहेर. आमच्या डॉक्टर मॅडम केरळच्या, चांगल्या, मृदू बोलणाऱ्या, पण मराठी त्यांना येत नव्हतं, आणि प्रश्न त्या नेहमी त्याच क्रमाने विचारायच्या. बाहेर गेलेल्या मुलीला त्या सामन्याचे पैसे मिळायचे नाहीत, आणि मोसमात दोनदा डोक्यामुळे बाहेर गेली तर पुढचा करार होत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, लिहिलेलं कुठेच नव्हतं. म्हणून मॅडम पिशवी घेऊन धावत येईपर्यंत जवळची मुलगी पडलेलीच्या कानाशी वाकायची, बुटाची नाडी बांधतेय असं दाखवायची, आणि त्याच क्रमाने उत्तरं सांगायची. याला आम्ही कानमंत्र म्हणायचो. सारिका कप्तान. तिचा कानमंत्र सगळ्यांत झकास, कारण ती तो अंगाईसारख्या चालीत म्हणायची. मॅडमना वाटायचं, कप्तान धीर देते आहे. सामन्याआधी मुली एकमेकींना चिडवायच्या, त्यांत आमची नम्रता सगळ्यांत पुढे, "माझा मंत्र पाठ आहे ना गं? की मला मागच्या वर्षीचा सामना सांगशील?" आम्हाला यात काही वावगं दिसत नव्हतं. उलट मला, पत्रकांवर वाढलेल्या मुलीला, ती आमची एकजूट वाटायची. साहेबाच्या माणसापासून आपल्या माणसाला लपवणं. अख्खं खातं गप्प.

ज्या सामन्यात मी शेवटची खेळले त्यातलं मला फारसं आठवत नाही. थंडीतली दुपार होती, ऊन तिरपं होतं, हे आठवतं. बाकी सगळं मुलींनी सांगितलेलं. मी समोरच्या दांडग्या मुलीला पाडायला गेले, माझं डोकं चुकीच्या बाजूला राहिलं आणि तिच्या गुडघ्यावर आपटलं. मी पडले. सारिका आली, नाडी बांधायला बसली, मंत्र दिला. मॅडमनी प्रश्न विचारले, मी हसत उत्तरं दिली, खेळ सुरू झाला. मुली म्हणतात, त्यानंतर मी खूप छान खेळले. थोड्या वेळाने चेंडूवर झेपावलेल्या मुलींच्या ढिगाऱ्यात माझ्या डोक्यावर कोणाचा तरी खांदा आला. या वेळीही सारिकाने मंत्र दिला. पण मॅडमना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी प्रश्नांचा क्रम बदलला.

"मुक्ता, पिछला मैच किसके साथ था?"

"बालेवाडी," मी म्हणाले.

"और जीते या हारे?"

"सेकंड हाफ."

"ये कौन सा ग्राउंड है?"

"त्यांनी. कोपऱ्यातून."

म्हणे एकदोघींना हसू फुटलं. मीही हसले. मग मॅडमनी माझ्याकडे बघायचं सोडून सारिकाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि मग मी त्यांच्या मांडीवर ओकले.

त्यानंतर आमच्या घराचा आवाज गेला. मला उजेड सहन होत नव्हता, ताटाला चमचा लागला तरी कानात खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. खालच्या शेडवाल्याला बाबांनी हात जोडून सांगितलं, पण मशिनं कशी थांबणार? मग दिवसा मला मावशीकडे नेऊन ठेवायचे आणि मशिनं थांबली की परत आणायचे. आईने कुकर लावणं बंद केलं. चाळीस पोरांचा भात ती उघड्या पातेल्यात शिजवायला लागली, अर्धा वेळ ओट्याशी उभी राहून. डब्यावाल्या पोरांनी विचारलं, "काकू, भात बदलला का?" तर म्हणाली, "तांदूळ नवा आहे." पोरांना जिन्यातच चपला काढून वर यायला तिने शिकवलं. ती दबक्या पावलांनी यायची, आजारी वाघिणीच्या गुहेत आल्यासारखी. एका संध्याकाळी त्या अंधाऱ्या खोलीत आई माझ्या शेजारी भाजी निवडत बसली होती. मी विचारलं, "आज मेथी का?" तिच्या हातात कोथिंबीर होती. तिने ती माझ्या नाकाशी धरली, चुरगाळून धरली, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला कसलाच वास आला नाही. कागदाचा तुकडा धरावा तसं.

"काहून रडते?" मी तिच्याच बोलीत विचारलं, कारण तिचे डोळे भरले होते.

"मी काहून रडू? कांदा चिरून राहिली ना मी," ती म्हणाली. कांदा तिथे नव्हता.

वास परत आला नाही. आजही नाही. जेवण म्हणजे माझ्यासाठी तिखट, खारट, गरम, गार. लोकांना वाटतं खेळ गेला हे मोठं दुःख असेल. ते आहेच. पण आईच्या घरात राहून आईच्या स्वयंपाकाबाहेर असणं, हे मी कोणाला समजावून सांगू?

मग लिमये आले. ते संघाचे व्यवस्थापक, सदाशिव पेठी, नेहमी स्वच्छ, नेहमी अहो-जाहो. त्यांनी फळांची करंडी आणली होती. खुर्चीवर बसून त्यांनी खोली पाहिली, पडदा पाहिला, आणि मग म्हणाले, "कसं वाटतंय आपल्याला आता?"

"दिसतंय तसं."

"डॉक्टरांनी अहवाल दिलाय. आपण उत्तरं दिलीत ती बरोबर होती म्हणे, फक्त दुसऱ्या प्रश्नांची. बेशुद्धीत इतकं पाठांतर मला तरी जमलं नसतं." ते हसले नाहीत. "कोणीतरी सांगितलं असणारच. आम्हाला फक्त नाव हवंय. एका खेळाडूने शिस्त मोडली, एवढंच प्रकरण राहील. मग आपले उपचार कंपनी बघेल. पुढच्या मोसमात लहान मुलींना शिकवायचं कामही आहे."

"आणि नाव नाही दिलं तर?"

"तर आपण स्वतःच दुखापत लपवलीत असं धरावं लागेल. मग आम्हाला काही करता येत नाही, अहो. करारच तसा आहे."

बाबा दारात उभे होते. त्यांना बोलायची गरज नव्हती. मी म्हणाले, "मला काही आठवत नाही." हे खरंही होतं. लिमये उठले, करंडीकडे बोट दाखवून म्हणाले, "सफरचंदं धुऊन घ्या हं, मेण असतं," आणि गेले. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हातात इतका अभिमान होता की मला तो जड वाटला.

दुसऱ्या दिवशी सारिका आली. तिला लिमये येऊन गेल्याचं कळलं होतं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि नखं कुरतडू लागली.

"घे माझं नाव," ती म्हणाली. "मी काय म्हणणार न्हाय. औषधपाण्याचं तरी व्हईल तुझं."

"नाही घेणार."

"येडी हायस का? मी केलंय, मी भोगते."

"तू एकटीने केलंय का? मी नम्रताला दिला नव्हता मंत्र? तिने तुला नव्हता दिला?"

तिने मान खाली घातली. तिचा श्वास सुटल्याचं मला ऐकू आलं. तेव्हा माझे कान फार तीक्ष्ण झाले होते. मग मला एक विचारावंसं वाटलं. "सारिके, मी घरी बसल्यावर जो सामना झाला, त्यात कोणाला दिलास का?"

"काय?"

"कानमंत्र."

"पोरीच मागत्यात गं," ती म्हणाली. "नम्रता पडली तवा माझा हातच धरून बसली. मंत्र दे म्हणली, बहिणीचं लगीन हाय म्हणली. आता मॅडम परश्न उलटेसुलटे विचारतात, म्हणून आम्ही परश्नासकट सांगतो."

प्रश्नांसकट सांगतो! मी भिंतीकडे तोंड करून पडले. माझ्या डोक्यात ते मशिन, ती बोटं, ते गप्प खातं सगळं एकदम आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला बाबांच्या गोष्टीचा राग आला. नाव घ्यायचं नाही हे ठीक. पण जाळी? जाळी कोण बसवणार?

सारिका गेल्यावर मी बाबांना म्हणाले, "मला पत्रक काढायचं आहे." मला लिहिता येत नव्हतं, ओळ डोळ्यांसमोर ठरत नव्हती. त्यांनीच लिहून घ्यायला हवं होतं. ते आनंदाने कागद घेऊन बसले. मी पहिलं वाक्य सांगितलं, कंपनीबद्दलचं. त्यांनी लिहिलं. डोक्याला मार लागून बाहेर बसवलेल्या खेळाडूला त्या सामन्याचे पूर्ण पैसे मिळालेच पाहिजेत, हेही लिहिलं. मग मी म्हणाले, "लिहा. मैत्रिणींनो, कानमंत्र देणं बंद करा. पडलेलीच्या कानात उत्तर सांगणं म्हणजे तिला वाचवणं नव्हे."

बाबांची पेन्सिल थांबली. "हे नाही लिहायचं."

"का?"

"आपण आपल्या माणसांविरुद्ध पत्रक काढत नाही. हे साहेबाच्या हातात पडलं तर काय होईल, कळतं तुला?"

"आणि नाही पडलं तर काय होईल, ते तुम्हाला दिसत नाही? इथे पडलंय ते."

"मुक्ता, आधी एकी. चुका आपण आपसांत—"

"आपसांत कधी बोललात बाबा? त्या जाळीबद्दल आपसांत कधी बोललात?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. आई ओट्याशी होती, पातेल्यात भात ढवळत. तिने वळून न पाहताच म्हटलं, "लिहून द्या जी. तुमच्या त्या गोष्टीत बोटं गेलेल्या माणसाचं नावही नाही. इतक्या वर्षांत मला नाही माहीत त्याचं नाव."

बाबांनी लिहून घेतलं. एक शब्द बदलला नाही, एक स्वल्पविराम वाढवला नाही. नेहमी ते मजकुराखाली घोषणा लिहायचे, या वेळी खालची जागा कोरी सोडली. प्रेसवर तेच गेले. आपट्यांनी मजकूर वाचून विचारलं म्हणे, "घोषणा विसरलात, की संपल्या?" त्या दिवशी बाबा हसले नाहीत.

सामन्याच्या दिवशी आईचा हात धरून, काळा चष्मा आणि कानांत कापूस घालून मी मैदानाच्या फाटकावर उभी राहिले आणि आमच्याच मुलींना पत्रकं दिली. कोणी घेतलं, कोणी घडी न उलगडता बॅगेत कोंबलं. नम्रता म्हणाली, "बरं आहे तुझं, तुला आता खेळायचं नाही." सारिकाने उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. तिचे ओठ हलत होते. वाचून झाल्यावर तिने ते परत माझ्या हातात दिलं आणि आत गेली.

मी पायऱ्यांवर सावलीत बसले. दुसऱ्या हाफमध्ये, आम्ही थोडक्या गुणांनी मागे असताना, नम्रता पडली. आडवी, हात विचित्र दुमडलेला. सारिका सगळ्यांत जवळ होती. ती धावत गेली, गुडघ्यावर बसली, तिचा हात नम्रताच्या बुटाच्या नाडीकडे गेला. नम्रताने तिची बाही पकडली, हे मला तिथून दिसत होतं. सारिका वाकली नाही. ती ताठ बसून राहिली, तोंड घट्ट मिटून. मग तिने एक हात वर केला आणि डॉक्टरांना हाक मारली, इतक्या मोठ्याने की माझ्या डोक्यात वीज गेली. नम्रताची उत्तरं चुकली. तिला बाहेर नेताना ती सारिकाला शिव्या देत होती, रडत होती, आईबहिणीवरून बोलत होती. सारिका मैदानाच्या मध्यभागी कंबरेवर हात ठेवून उभी होती आणि तिच्या आसपास कोणीही नव्हतं. आम्ही हरलो. मला तेव्हा उभं राहून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मी कानांवर हात धरून बसले.

पत्रकाचं पुढे बाबा म्हणाले तेच झालं. लिमयांना वेगळं नाव लागलंच नाही. मोसम संपल्यावर ते मला फोनवर म्हणाले, "अहो, आपल्याच मजकुरात सगळं आहे की. अशी प्रथा होती, म्हणजे कप्तानाला माहीत असणारच. आपण फार स्वच्छ लिहिता." सारिकाचा आणि आणखी काही जणींचा करार झाला नाही. माझ्या उपचारांचा विषय बंद झाला. बाहेर बसवलेलीला पैसे देण्याच्या मागणीला आजपर्यंत उत्तर नाही. एवढं मात्र झालं, की त्या संघात कानमंत्र थांबला. नम्रता अजून खेळते. तिला सगळे वास येत असतील.

मी बरोबर केलं असं मी आजही म्हणते, आणि ते म्हणताना मला बरं वाटत नाही. पत्रकं वाचून वाढलेल्या माणसाला शिकवलेलं असतं की बरोबर बाजू घेतली की माणसं आपल्याकडे येतात. माझ्याकडे कोणी आलं नाही. बाबांनी तो विषय पुन्हा काढला नाही, पण ती गोष्टही पुन्हा सांगितली नाही.

सारिका आता धायरीतच भावाच्या दुकानात बसते, रंग, पाइप, सिमेंट. मध्यंतरी आईने नळाची तोटी आणायला पाठवलं म्हणून मी गेले. ती एकटीच होती. खांदे तसेच, केस कापलेले. तिने तोटी काढली, कागदात गुंडाळली. मी पैसे दिले, तिने सुटे दिले. मी निघेना, तेव्हा ती म्हणाली, "काय?"

"काही नाही. बोलत नाहीस म्हणून."

तिने रस्त्याकडे पाहिलं. सिंहगड रोडकडे जाणाऱ्या गाड्या अडकून पडल्या होत्या.

"तू चुकली असतीस ना मुक्ते," ती म्हणाली, "तर मी तुला एक शिवी दिली असती आन् संध्याकाळी घरी जेवायला आले असते. तुझं बरोबर व्हतं. म्हणून तुझ्याशी बोलावं वाटत न्हाय."

मग एक गिऱ्हाईक आलं आणि तिने त्याला विचारलं, काय पाहिजे.